एक काम लांबले की पुढच्या तारखा कशा ठरतात?

प्रकल्पाच्या वेळापत्रकातील एखादे काम चार दिवस लांबले, तर त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी कामेही चार-चार दिवसांनी पुढे ढकलावीत, असा हिशेब कोणाच्याही मनात पहिल्यांदा येतो. हाताने केलेल्या तक्त्यात बहुतेक वेळा तसेच केले जाते. मग एखादे काम रविवारी येऊन पडते, एखादे काम ते करणारा माणूसच हजर नसतो अशा दिवशी येते, तर एखादे काही कारण नसताना आठवडाभर मागे राहते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा किंवा मोफत मिळणारे प्रोजेक्टलिब्रे यांसारखी सॉफ्टवेअर मात्र तारखा ढकलत नाहीत. कामांचा कालावधी, त्यांच्यातील दुवे (कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ते) आणि कामाच्या दिवसांचे कॅलेंडर या तीन गोष्टींवरून ती प्रत्येक तारीख पुन्हा नव्याने काढतात. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये तारीख ही आपण भरायची गोष्ट नव्हे, ती उत्तर म्हणून मिळवायची गोष्ट आहे. वेळापत्रके बिघडतात ती बहुधा हे ध्यानात न राहिल्यामुळेच.

एका इमारतीच्या स्लॅबचे उदाहरण घेऊ आणि त्यासाठी २०२६ चे कॅलेंडर समोर ठेवू. साइटवर सोमवार ते शनिवार काम चालते आणि रविवारी सुट्टी असते. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती त्या वर्षी मंगळवारी आणि १ मेचा महाराष्ट्र दिन शुक्रवारी येतो. या दोन्ही दिवशी साइट बंद राहणार आहे. सेंटरिंगला, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभे करायला, सहा दिवस लागतात, त्यानंतर सळई बांधायला चार दिवस, मग आरसीसी सल्लागाराच्या तपासणीला एक दिवस आणि तपासणी झाल्यावर स्लॅब भरायला एक दिवस. सल्लागाराचे कार्यालय मात्र सोमवार ते शुक्रवारच चालते. सेंटरिंग बुधवारी ८ एप्रिलला सुरू झाले, तर १२ तारखेचा रविवार आणि १४ तारखेची सुट्टी वगळून ते १५ एप्रिलला संपते. सळई १६ ला सुरू होऊन २० ला बांधून होते, २१ ला तपासणी होते आणि बुधवारी २२ एप्रिलला स्लॅब भरला जातो.

आता सेंटरिंगला सहाऐवजी दहा दिवस लागले असे समजा. प्रत्येक तारखेत नुसते चार मिळवले, तर स्लॅबची तारीख २६ एप्रिल येते आणि तो रविवार आहे. साइटचे कामाचे चार दिवस मोजून पुढे सरकवले, तर स्लॅब २७ तारखेच्या सोमवारी येतो खरा, पण त्याच्या आधीची तपासणी २५ तारखेच्या शनिवारी येते आणि त्या दिवशी सल्लागाराचे कार्यालय बंद असते. खरे उत्तर असे आहे: सेंटरिंग २० एप्रिलला संपते, सळई २४ तारखेच्या शुक्रवारी बांधून होते, तपासणी सोमवारी २७ ला होते आणि स्लॅब मंगळवारी २८ एप्रिलला पडतो. उशीर तीनच दिवसांचा असता, तर सळई गुरुवारी २३ ला संपून शुक्रवारी तपासणी आणि शनिवारी २५ ला स्लॅब झाला असता. म्हणजे तिसऱ्या दिवसावर आणखी एकच दिवस वाढला आणि स्लॅब शनिवारवरून थेट मंगळवारवर गेला. उशीर साखळीतून सरळ रेषेत पुढे जात नाही. तो सुट्ट्यांपाशी कधी वाढतो, तर कधी आधीच मोकळ्या असलेल्या दिवसात जिरून जातो. प्रत्येक तारीख मुळापासून काढावी लागते ती एवढ्याचसाठी.

सॉफ्टवेअर हा हिशेब करताना आधी सगळ्या कामांचा क्रम लावते. ज्या कामाच्या आधी दुसरे कोणतेच काम नाही ते सर्वांत पुढे, आणि एखाद्या कामाआधीची सगळी कामे मोजून झाल्याशिवाय त्या कामाला हात लावायचा नाही, असा तो क्रम असतो. दोन कामे एकमेकांवरच अवलंबून असतील, सरळ किंवा मधल्या दहा कामांतून फिरून, तर असा क्रम लागूच शकत नाही, आणि म्हणून वर्तुळाकार दुवा दिला की सॉफ्टवेअर तो नाकारते. क्रम लागला की ते एकेका कामापाशी थांबून त्याच्या आधीच्या कामांपैकी सर्वांत उशिरा संपणारे काम शोधते, त्या क्षणापासून नंतरच्या कामाच्या कॅलेंडरवरचा पहिला कामाचा क्षण पकडते, आणि तिथून कालावधीइतका कामाचा वेळ मोजून शेवट ठरवते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपलेले काम आणि सोमवारी सकाळी आठला सुरू झालेले काम ही पाच दिवसांच्या कॅलेंडरवर एकमेकांना अगदी चिकटलेली असतात. त्यांच्यामध्ये कामाचा एक मिनिटही नसतो.

या पद्धतीचा गणिती भाग जुना आहे. अमेरिकेतील डु पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ मध्ये युनिव्हॅक संगणकावर क्रिटिकल पाथची, म्हणजे प्रकल्पाची अखेर ठरवणारी कामांची साखळी शोधण्याची, पद्धत उभी केली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन फॉन्डाल यांनी १९६१ मध्ये बांधकाम क्षेत्रासाठी ती संगणकाशिवाय, हाताने वापरता येईल अशी मांडली. त्या गणिताला वार, सण आणि सुट्ट्या यांची गरज नसते. त्याला फक्त पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस एवढेच पुरते. कॅलेंडर हा त्याच्यावर घातलेला दुसरा थर आहे आणि रोजच्या वापरातल्या अडचणी जवळजवळ सगळ्या या थरात आहेत.

त्यातली सर्वांत महत्त्वाची अडचण स्लॅब भरल्यानंतर सुरू होते. स्लॅबखालचे टेकू किती दिवस ठेवायचे हे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला किमान चौदा दिवस. काँक्रीटला रविवार कळत नाही आणि महाराष्ट्र दिनही कळत नाही. ते सुट्टीच्या दिवशीही घट्ट होतच असते. मूळ वेळापत्रकातला २२ एप्रिलचा स्लॅब घेतला आणि त्याचा गाळा साडेचार मीटरहून मोठा धरला, तर चौदा दिवस ६ मे रोजी पूर्ण होतात आणि टेकू ७ मे रोजी काढता येतात. पण ही चौदा दिवसांची प्रतीक्षा साइटच्या कॅलेंडरवर टाकली, तर सॉफ्टवेअर दोन रविवार आणि १ मे वगळून मोजते, प्रतीक्षा ९ मे रोजी संपवते आणि टेकू काढायला सोमवारी ११ मेचा दिवस देते. सॉफ्टवेअरचे मूळचे, कोणी न बदललेले, सोमवार ते शुक्रवारचे कॅलेंडर तसेच राहिले असेल, तर ही तारीख १३ मे येते. तीन उत्तरे मिळतात, आणि त्यांतले एकच खरे असते. अनेक मजल्यांच्या इमारतीत हीच चूक प्रत्येक स्लॅबला पुन्हा होते, आणि शेवटी ताबा देण्याची जी तारीख घर घेणाऱ्याला सांगितली जाते तीच चुकीची निघते.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये याला सोपा उपाय आहे. कालावधी लिहिताना दिवसाच्या ‘डी’च्या आधी ‘ई’ लावली की ते दिवस चोवीस तासांचे, सुट्ट्यांसकट मोजले जातात. हीच खूण दोन कामांमधल्या दुव्यावर दिलेल्या प्रतीक्षेलाही, म्हणजे ज्याला लॅग म्हणतात त्यालाही लावता येते. प्रायमाव्हेरात लॅग कोणत्या कॅलेंडरवर मोजायचा याचे चार पर्याय असतात: आधीच्या कामाचे कॅलेंडर, नंतरच्या कामाचे, प्रकल्पाचे मूळ कॅलेंडर किंवा चोवीस तासांचे. मात्र हा पर्याय वेळापत्रकाची गणना करतानाच्या सेटिंगमध्ये असतो, एकेका दुव्यासाठी वेगळा देता येत नाही. त्यामुळे काही दुव्यांना तो योग्य ठरतो आणि काहींना अयोग्य. माझे मत असे आहे की अशी प्रतीक्षा लॅगमध्ये दडवूच नये. ‘टेकू ठेवण्याचा काळ’ असे नाव देऊन तिला स्वतंत्र काम करावे आणि त्या कामाला आठवड्याचे सातही दिवस चालू असलेले कॅलेंडर द्यावे. मग ती बार चार्टवर, म्हणजे कामे आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, दिसते, साइटवरचा माणूस ती वाचू शकतो, आणि तिचे कॅलेंडर चुकले असेल तर ते कोणाच्या तरी नजरेस पडते. गिलावा वाळणे, रंगाचा हात सुकणे, काँक्रीटच्या ठोकळ्यांची अठ्ठावीस दिवसांची चाचणी, शासनाच्या सूचनेवर हरकती मागवण्याची मुदत या सगळ्या गोष्टी याच प्रकारच्या आहेत, कारण त्या कोणी काम करत असल्यामुळे पुढे सरकत नाहीत.

टेकूंचेच उदाहरण आणखी एका कारणासाठी पाहायला हवे. समजा, नियोजन करणाऱ्याने टेकू काढण्याच्या ओळीत ७ मे ही तारीख हाताने टाकली आणि ‘याच दिवशी सुरू व्हावे’ असे बंधन घातले. पुढे सेंटरिंग लांबले आणि स्लॅब २८ एप्रिलला गेला. बंधन पाळायचे अशी सूचना असल्यामुळे सॉफ्टवेअर टेकू काढण्याची तारीख ७ मे अशीच ठेवते, आणि कागदावर चौदा दिवसांच्या प्रतीक्षेसाठी मध्ये फक्त आठ दिवस उरतात. सॉफ्टवेअर अशा वेळी इशारा देते आणि सवड, म्हणजे काम लांबवायला उरलेले दिवस, उणे दाखवते, पण छापलेल्या बार चार्टवर तो इशारा येत नाही. साइटवर पोहोचते ती फक्त तारीख. कच्च्या स्लॅबखालून टेकू काढणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे आहे, आणि अशी तारीख वेळापत्रकात उमटूच नये ही काळजी वेळापत्रक करणाऱ्याचीच आहे. मुदत नोंदवायची असेल, तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना असतो. मुदत हुकली की तो खूण दाखवतो, पण कामाला बांधून ठेवत नाही.

बंधन घालण्याचा विचारही नसताना ते घातले जाते, हा यातला अधिक फसवा प्रकार. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आपोआप मोजल्या जाणाऱ्या कामाच्या सुरुवातीच्या रकान्यात तुम्ही तारीख टाकलीत, की सॉफ्टवेअर त्याचा अर्थ ‘या तारखेच्या आधी सुरू करू नये’ असा घेते आणि तसे बंधन मुकाट्याने नोंदवते. आधीची कामे लांबली तर हे काम त्यांच्यामागे नीट पुढे जाते, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण आधीची कामे लवकर आटोपली तर ते मागे यायला तयार होत नाही, आणि वाचवलेले दिवस तिथेच वाया जातात. २०१० च्या आवृत्तीपासून प्रत्येक काम हाताने किंवा आपोआप असे दोन प्रकारे ठेवता येते. हाताने ठेवलेले काम दुवे जोडलेले असूनही आपल्या तारखेवरून हलत नाही. आधीचे काम सरकले आणि नंतरचे जागचे हलले नाही, असे दिसले की प्रथम या दोन गोष्टी तपासाव्यात.

दुव्यांचे चार प्रकार असतात, पण व्यवहारात निम्म्याहून अधिक ओळींना ‘आधीचे संपले की नंतरचे सुरू’ हा एकच प्रकार लागतो. दोन कामे बरोबर सुरू होणे आणि दोन कामे बरोबर संपणे हे दोन प्रकार लांब कामांसाठी उपयोगी पडतात, उदाहरणार्थ वीटकाम सुरू झाल्यावर पाच दिवसांनी गिलावा सुरू करणे. अशा जोडीतल्या प्रतीक्षेला मात्र साइटचेच कॅलेंडर हवे, कारण ते पाच दिवस वीटकामाची भिंत चढायला हवेत, आणि सुट्टीच्या दिवशी भिंत चढत नाही.

सॉफ्टवेअरच्या पोटात दिवस नसून मिनिटे असतात, हेही जाणून घ्यावे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एक दिवस म्हणजे मुळात आठ तास, म्हणजे ४८० मिनिटे, आणि कॅलेंडर सकाळी आठ ते बारा व दुपारी एक ते पाच असे असते. साइटवर नऊ तास काम चालते म्हणून कोणी कॅलेंडर बदलून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा केले आणि जेवणाचा तास तसाच ठेवला, पण दिवसाचे तास सांगणारी दुसरी सेटिंग आठवरच राहिली, तर सहा दिवसांचे सेंटरिंग हे ४८ तासांचे काम ठरते. नऊ तासांच्या दिवसांत ते सहाव्या दिवशी सकाळी अकरालाच संपते आणि सळईचे काम त्याच क्षणी सुरू होते. सेंटरिंग आणि सळई मिळून दहा दिवसांची कामे नऊ दिवसांत बसतात. पडद्यावर फक्त तारखा दिसत असल्याने हे लक्षात येत नाही, आणि वेळापत्रक हळूहळू खोटी घाई दाखवू लागते. म्हणून या दोन्ही सेटिंग एकमेकांशी जुळवाव्यात, आणि त्याही कालावधी भरण्याआधी, कारण नंतर जुळवायला गेल्यास सहा दिवसांचे काम ५.३३ दिवसांचे दिसू लागते.

ज्यांच्याकडे असे सॉफ्टवेअर नाही आणि जे एक्सेलवर काम भागवतात, त्यांच्यासाठी ‘वर्कडे’ हे सूत्र आहे. पण ते सुरुवातीचा दिवस मोजत नाही. ८ एप्रिलला सुरू होणाऱ्या सहा दिवसांच्या कामासाठी ८ एप्रिल आणि सहा हे आकडे दिले तर उत्तर १६ एप्रिल येते, १५ नाही. एक वजा करून पाच देणे हा उपाय पुष्कळजण करतात, पण सुरुवातीची तारीखच सुट्टीवर पडली तर तोही फसतो. सुरुवातीच्या आदल्या दिवसापासून पूर्ण सहा दिवस मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे, आणि नंतरच्या कामाची सुरुवात म्हणजे आधीच्या कामाच्या शेवटानंतरचा पहिला कामाचा दिवस. साधे सूत्र शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरते. फक्त रविवार सुट्टी असेल, तर त्याचे ‘इंटल’ जोडलेले रूप घेऊन साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक अकरा द्यावा, आणि सणांची यादी वेगळ्या रकान्यात ठेवून ती सूत्राला जोडावी.

आता तपासणीकडे परत येऊ, कारण वेगवेगळी कॅलेंडरे एकत्र आली की क्रिटिकल पाथही विचित्र दिसू लागतो. सॉफ्टवेअर तारखा पुढच्या दिशेने काढून झाल्यावर शेवटाकडून उलटे येते आणि प्रत्येक काम प्रकल्पाची अखेर न लांबवता किती दिवस मागे पडू शकते, ती सवड मोजते. ज्यांची सवड शून्य ती कामे क्रिटिकल. लांबलेल्या वेळापत्रकात सळई शुक्रवारी २४ ला संपते आणि तपासणी सोमवारी २७ ला आहे. मधल्या शनिवारी साइट चालू असल्याने सळईच्या कॅलेंडरवर एक दिवसाची सवड निघते, आणि त्यामुळे तिच्या आधीच्या सेंटरिंगचीही. तपासणी आणि पुढची कामे क्रिटिकल म्हणून लाल दिसतात, तर ज्या सेंटरिंगमुळे एवढा सगळा उशीर झाला ते लाल दिसत नाही. प्रायमाव्हेरात सवडीऐवजी सर्वांत लांब साखळीवरून क्रिटिकल कामे ठरवण्याचा पर्याय याचसाठी आहे. पर्याय कोणताही असो, लाल पट्टी मध्येच सुरू झालेली दिसली तर तिथे दोन कॅलेंडरांचा सांधा आहे का, ते पाहावे.

आपल्याकडे असे सांधे जागोजागी असतात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी येते. पुण्यात बसून सौदी अरेबियातील साइटचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या अभियंत्याला तिकडची शुक्रवार-शनिवारची आणि इकडची शनिवार-रविवारची सुट्टी धरली तर आठवड्यात फक्त चार समान दिवस मिळतात. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा शनिवार-रविवारच्या सुट्टीवर आणला, तेव्हा जुन्या फायलींमधली कॅलेंडरे बदलावी लागली. दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र करायचे काम असेल, तर दोघांच्या कॅलेंडरांतला समान वेळच त्या कामाला मिळायला हवा, आणि त्यासाठी कॅलेंडर कामाला किंवा माणसाला जोडावे लागते; प्रकल्पाचे एकच कॅलेंडर पुरत नाही.

सुट्ट्या नेहमी आधी ठाऊक असतातच असे नाही. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक १५ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरच्या बुधवारी होते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदानाच्या दिवशी कामगारांना भरपगारी सुट्टी द्यावी लागते, पण सप्टेंबरमध्ये केलेल्या वेळापत्रकांत ती असणे शक्यच नव्हते. अशा वेळी एकेका कामाची तारीख बदलत बसू नये. ती सुट्टी कॅलेंडरमध्ये घालावी आणि बाकीचे सॉफ्टवेअरवर सोडावे. मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. मंजूर झालेल्या मूळ तारखा बेसलाइन म्हणून जतन कराव्यात, आणि झालेल्या कामांच्या प्रत्यक्ष तारखा नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे गणना पुन्हा झाली तरी झालेले काम जागचे हलत नाही आणि फक्त उरलेले काम पुढे जाते. कॅलेंडर बदलल्यावर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सरकलेल्या तारखांच्या चौकटी रंगवून दाखवते. त्यानंतर २० नोव्हेंबरच्या पुढे असूनही जिची चौकट रंगली नाही अशी प्रत्येक ओळ उघडून पाहावी. त्या कामाचे कॅलेंडर सातही दिवसांचे असेल, किंवा सुट्टीचा तो दिवस मधल्या सवडीत जिरला असेल, तर ते बरोबर आहे. तसे नसेल, तर तिथे हाताने टाकलेली तारीख, राहून गेलेला दुवा किंवा सुट्टी न घातलेले दुसरे कॅलेंडर यांपैकी काहीतरी सापडते.